काकांची दाढी आणि पऱ्हाटीचा कोळसा

माणसानं कुणावर जळावं याला काय नियम नाय. कुणी भावाच्या बंगल्यावर जळतं, कुणी शेजाऱ्याच्या गाडीवर. मी एका कोळशाच्या काडीवर जळलो. कोळसा निदान एकदा जळून मोकळा झालेला असतो. मी अजून धुमसतोय.

हे मी लिहीत नाय, मोबाईलमध्ये बोलतोय, तो आपलाआपण लिहितो. शाळेशी माझं फार जमलं नाय. मी शाळेत जेवढ्या वेळा गेलो त्यापेक्षा जास्त वेळा मास्तर आमच्या घरी आले, मला हुडकायला. मोबाईलचं बरं हाय. मधी तोडत नाय, जांभई देत नाय. घरात माझं पूर्ण ऐकून घेणारा तो एकलाच.

माझं सलून मुकुंदवाडीत, टेशनाकडं जायच्या रस्त्याला. दोन खुर्च्या. त्यातल्या एकीचं हँडल निघालंय, तिच्यावर नवीन गिऱ्हाइकाला बसवतो, कारण जुनं गिऱ्हाईक बसत नाय. हात माझा बरा हाय, लोकच म्हणतात. पण माझा खरा शौक कटिंगचा नाय, बोलायचा. जोक सांगायचा. अडचण एवढीच, की माझ्या जोकवर कुणी हसत नाय. वस्तरा गळ्यापाशी असला की हसतात, पण त्याला हसणं म्हणत नाय, त्याला जीव वाचवणं म्हणतात.

खरं हसणारा माणूस एकच. काका.

काका माझे सख्खे कुणी नाय, सगळी गल्लीच त्यांना काका म्हणती. रेल्वेत पटरीवर काम करून रिटायर झालेले, काकू वारलेल्या, लेक सुना पुण्याला. रोज सकाळी दूधवाला गेला की काका हजर. खुर्चीत बसायचे, मान मागं टाकायचे आन म्हणायचे, "हाण." म्हणजे दाढी पण हाण आन जोक पण हाण. जोक तेच ते. त्यांना पाठ झालेले. तरी मी सुरू केलं की अर्ध्यातच त्यांचं पोट हलायला लागायचं आन मला वस्तरा वर उचलून धरावा लागायचा. त्यांच्या हनुवटीला डावीकडं एक खाच हाय, पटरीवरची गिट्टी उडून लागलेली. तिथं वस्तरा आडवा न्यावा लागतो. डोळे बांधले तरी मी ते तोंड घोटून देईन. म्हणजे असं मला वाटायचं. तो चेहरा माझाच हाय, बाकीच्या दिवसात काका तो नुसता वापरायला घेऊन जातात, असं.

मग शेजारचं शटर उघडलं.

तिथं आधी मोबाईल रिपेरिंग होतं. ते बंद पडलं आन एका बाईनं जागा घेतली. भिंतीला पांढरा चुना, वर मोठा दिवा, कोपऱ्यात स्टूल. मी घरी जाऊन बायकोला म्हणलो, "बसला धंदा. शेजारी ब्युटी पार्लर आलं."

बायको म्हणली, "आवो, आपल्या सलूनात बाया कवा येत होत्या?"

हे मला सुचलं नव्हतं.

पार्लर नव्हतं. बाई चित्रकार निघाली. सिल्लोडकडची, कापूस लावणाऱ्या घरातली, शिकून मोठी झालेली. मोठमोठ्या शहरात तिची चित्रं भिंतीला लागतात आन लोक हात मागं बांधून बघतात म्हणे. बोलायला एकदम साधी. मला दादा म्हणायची. काकांना बाबा. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी तर नुसताच काका म्हणत आलो, ती पहिल्याच दिवशी लेक झाली.

पण सुरुवात काकांपासून नाय झाली, डब्यापासून झाली. आन ती चूक माझीच.

एक दिवस बघतो तर बाई गावाकडून पऱ्हाटीचा भारा घेऊन आलेली. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काड्या उभ्या राहतात ना, त्या. आमच्याकडं त्या चुलीत घालतात. मी दारातूनच म्हणलो, "मॅडम, गॅस संपला का?"

"नाय दादा. पेन्सिली करायच्यात."

मी हसलो. ती नाय हसली. ती खरंच पेन्सिलीच करत होती. सरळ काड्या निवडायच्या, साल सोलायची, बोटाएवढे तुकडे करायचे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दाटून भरायचे. मधी हालायला जागा ठेवायची नाय. झाकणाला खिळ्यानं एक भोक, कडेनं चिखल लिंपायचा. आन डबा जाळात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन विटा मांडून तिनं जाळ केला, काका आन मी बघायला उभे. भोकातून धूर निघायला लागला. आधी पांढरा, जाड, डोळ्यात जाणारा. मग पातळ. मग नुसता दोऱ्यासारखा. मग नाय.

"झालं," ती म्हणली आन डबा चिमट्यानं बाहेर काढला. "आता थंड होऊ द्यायचा. कोमट असला तरी उघडायचा नाय हां दादा."

काकांकडं बघून नाय म्हणली. माझ्याकडं बघून म्हणली. माणूस ओळखायला येत होता तिला.

तिला फोन आला, ती आत गेली. आता तुम्हीच सांगा, एखाद्याला उघडू नको म्हणलं की त्याच्या हाताला काय होतं? मी खांद्यावरचा टॉवेल काढला आन झाकण उचललं. आत काय सुंदर होतं! काड्या जशाच्या तशा, काडीला फुटलेल्या डोळ्याजवळची गाठ पण तशीच, फक्त काळ्याभोर. चंद्रकळा नेसून बसलेल्या. मी "वा" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात एका टोकाला लाल ठिपका आला, आन आमच्या गल्लीत बातमी पसरती तसा तो या काडीवरनं त्या काडीवर गेला. मी झाकण ठेवीपर्यंत राख.

ती बाहेर आली. डब्यात बघितलं. "हवा लागली," एवढंच म्हणली.

काका मात्र बोलले. "तुला दम नाय लेका. जन्मल्यापास्नं नाय."

तिनं दुसरा डबा भरला. आन काका तिथंच विटेवर बसले. म्हणले, "मी बसतो इथं. हा पुन्यांदा येईल." पटरीवर राखण केलेला माणूस, त्याला बसायची सवय. पार पत्रा गार पडेपर्यंत हलले नायत. मी अधूनमधून डोकावलो की हात करून हाकलायचे, कुत्र्याला हाकलतात तसं.

म्हणजे माझ्यापासून डबा राखायला काका तिच्याकडं बसले, आन बसले ते बसलेच. मीच पाठवले म्हणा ना.

डबा उघडला तवा काड्या टणक झालेल्या. तिनं एक काडी घेऊन दुसरीवर टिचकी मारली, काच वाजावी तसा आवाज आला. कच्चा कोळसा तसा वाजत नाय म्हणली. मग तिनं काकांकडं नीट बघितलं. मी तिचं बघणं बघत होतो. मी रोज तसंच बघतो, कुठून सुरू करावं म्हणून.

"बाबा, तुमचं चित्र काढू का?"

काका लाजले. मी त्यांना लाजताना कधी बघितलं नव्हतं. एवढ्या वर्षात मी त्यांना लाजवू शकलो नाय!

"पण आजपासून दाढी करायची नाय," ती म्हणली. "कोळशाला दाढी लागते."

झालं. माझ्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून, माझ्या तोंडावर, माझं गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी दूधवाला गेला. काका आले नाय. म्हणजे आले, पण एक शटर अलीकडं थांबले. मी फेस करून ठेवला होता. तो बसला. दुसरा केला, तो पण बसला. शेवटी मी माझीच दाढी केली, जी आदल्या रात्री केलेली होती.

घरी जेवता जेवता मी सगळं बोललो. बायको भाकरी थापता थापता म्हणली, "आवो, तुम्हाला सवत आली का काय?"

"तुला मजाक वाटती."

"मजाक न्हाय. सवत आली की माणूस असाच दुसऱ्याच्या दारात डोकावतो."

आन पंधरा दिवसांनी काय कळावं! बायको रोज सकाळी एक कणकेचा गोळा शेजारी नेऊन देती. बिनतेलाचा, बिनमिठाचा. मी म्हणलो, "तिला चपात्या लाटायला येत नाय का?" तर म्हणली, "खायला न्हाय, खोडायला. रबरानं कागद खरवडतो, कणकेनं न्हाय." कणकेत तेल गेलं तर कागदाला डाग पडतो, मीठ गेलं तर ओल धरती, हे सगळं माझ्या बायकोला माहिती! माझ्या चपातीत मीठ घालायचं विसरती, आन तिच्या गोळ्यात आठवणीनं घालत नाय.

आता घरातनं पण फितुरी झाल्यावर मला जाणं भाग होतं. गिऱ्हाईक नव्हतं, गेलो. दारात उभा राहिलो, टॉवेल खांद्यावर, म्हणजे वाटावं कामातून आलोय.

काका स्टुलावर. दाढी वाढलेली, पांढरी, मधी मधी करडी. मला त्या दाढीचा एवढा राग आला की हात शिवशिवले. समोर उभ्या फळीला कागद लावलेला. खुलताबादच्या रस्त्याला एका गावात हातानं कागद करतात, तिथला. चिंध्या कुटून, लगदा करून, पाण्यातनं जाळीवर उचलून. मी बोटाची उलटी बाजू फिरवली त्याच्यावर. आम्ही गालावर फिरवतो तशी. खरखरीत होता. कालच्या दाढीएवढा. मी म्हणलो, "मॅडम, याची पण दाढी वाढलीय."

"म्हणून तर कोळसा धरून ठेवतो," ती म्हणली. "गुळगुळीत कागदावरनं घसरून जातो."

जोक मारला तर उत्तर देती! अशा माणसाचं काय करावं?

मग तिनं जे केलं ते बघून मी टॉवेल खाली घेतला. मला वाटलं आता नाक काढंल, डोळे काढंल. तिनं काडी आडवी धरली आन सगळा कागद काळा केला. सगळा. मग फडकं घेऊन तो काळा रंग कागदात चोळला, पार करडा, धुरकट होईपर्यंत. मी मनात म्हणलो, बरं झालं, बिघडलं. मग बायकोच्या कणकेचा गोळा घेतला, चिमटीत त्याचं टोक केलं, आन कपाळ जिथं असावं तिथं एकच पट्टा ओढला. धुरातनं काकांचं कपाळ बाहेर आलं. मग गालाचं हाड. मग नाकाचा शेंडा, नुसता टिंबाएवढा उजेड.

मला एकदम कळलं हे काय चाललंय, आन कळल्यावर जास्तच लागलं. हे तर माझंच काम! आधी सगळं तोंड फेसानं भरायचं, मग एकेक पट्टा काढत गेलं की माणूस बाहेर येतो. मी पांढऱ्यातनं काढतो, ती काळ्यातनं. फरक एवढाच, मी काढलेला माणूस संध्याकाळपर्यंत पुन्हा उगवतो.

मी हे बोललो नाय. मी म्हणलो, "मॅडम, तुम्ही काढताय का पुसताय?"

"दोन्ही एकच हाय दादा."

मग ती काडीचं टोक घेऊन हनुवटीशी आली. डावीकडं. तिथं तिनं काडी जरा फिरवली, दाबली, उचलली. खाच. जिथं वस्तरा आडवा न्यावा लागतो ती. आता ती दाढीखाली गेलेली, मी कधी सांगितली नव्हती, काकांनी पण नसंल सांगितली; दाढी वाढायच्या आधीच तिनं हेरली असंल. एका फिरकीत तिनं ती घेतली. बाकी सगळं तोंड नेलं असतं तर चाललं असतं. ती खाच माझी होती.

तेव्हा मी ठरवलं, काकांना हसवायचं. त्यांना ती सारखी म्हणायची, "बाबा, हलू नका. हसू नका." आन काका दगड होऊन बसायचे. म्हणलं बघू किती वेळ. एक हसू आलं की तोंड फिसकटलं, चित्र गेलं, काका परत खुर्चीत.

लागलो. टकल्या माणसाचा सांगितला. पोलीस आन म्हशीचा सांगितला. ज्याला काका उठून बाहेर जाऊन हसतात तो, नवरदेवाच्या मिशीचा, तो पण सांगितला. काका दगड. डोळ्याची पापणी हलली नाय. माझ्याच जोकवर मीच हसलो, तो आवाज त्या रिकाम्या खोलीत एवढा घुमला की मला माझीच कीव आली.

"दादा," ती न वळता म्हणली, "तुमच्याकडं कुणी आलंय वाटतं."

खरंच गिऱ्हाईक आलं होतं. मी निघता निघता टेबलावरची एक काडी उचलली, बघावी म्हणून. ती हातातच मोडली. चूर झाली. तिला दिसू नये म्हणून हात कपाळावरनं, मिशीवरनं फिरवत सलूनात गेलो. गिऱ्हाइकाच्या अंगाला कपडा बांधला. त्यानं माझ्याकडं बघितलं आन काय बोलला नाय. मी म्हणलो भला माणूस दिसतोय. त्याला म्हणलो, "बसा, आलोच," आन परत शेजारी. एक जोक राहिला होता. दारात उभं राहून सुरू केलं, "काका, एकदा एक माणूस..."

काकांनी नजर वळवली. मला बघितलं. आन फुटले. स्टुलावरनं पडायचे राहिले. पोट हलतंय, डोळ्याला पाणी, मांडीवर हात आपटतायत. असे ते काकू गेल्यापासनं हसले नव्हते. मी छाती फुगवून मॅडमकडं बघितलं, म्हणजे बघा, असं हसवतात. तर ती पण तोंडाला फडकं लावून हसती.

मी विजयी होऊन सलूनात आलो, कात्री उचलली, समोर बघितलं. आरशात एक माणूस. अर्धी मिशी नाकाच्या वर चढलेली, एक भुवई पार कानापर्यंत गेलेली. दिवसभर आरशापुढं उभा राहणारा माणूस मी, आन सगळ्या गल्लीत माझं तोंड मलाच शेवटी दिसलं. गिऱ्हाईक हळूच म्हणलं, "मला वाटलं नाटकात काम करता."

चित्र मात्र गेलं नाय. तिनं काय केलं, कणकेनं तेवढे ओठ पुसले आन पुन्हा काढले. आधी काय होतं आन नंतर काय झालं, मला सांगता येत नाय. काका हसत नायत त्यात. पण आता हसतील का मघाशी हसले, असं वाटत राहतं. मी लई वेळ बघितलं. मग मला घरी जावंसं वाटलं.

चित्र झाल्यावर एक काम उरतं. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, फुंकर मारली तरी उडतो. तो बसवायला ती साय काढलेलं दूध पाण्यात अगदी पातळ करून वरनं मारायची, धुक्यासारखं. तिची बाटली त्या दिवशी बिघडली. आली माझ्याकडं.

"दादा, तुमची पाणी मारायची बाटली द्या ना. आन तुम्हीच मारा. तुमचा हात बसलाय."

माझी बाटली धुतली, दूध भरलं. तिनं सांगितलं, लांबून मारा. जवळनं मारलं की थेंब होतो, थेंब ओघळला की चेहरा वाहून जातो.

मी चित्रापुढं उभा. काका माझ्या बाजूला, हात मागं बांधून, मोठ्या शहरातले लोक बघतात तसे. बोट बाटलीच्या चापावर. दोन पावलं पुढं गेलो असतो ना, तर सगळं पऱ्हाटीचं पाणी झालं असतं. खाच, कपाळ, ओठ. आन मला कुणी काय म्हणलं नसतं, माझी ख्यातीच तशी. डबा उघडणारा माणूस. माझा पाय जरा उचलला पण होता.

आन तोंडातनं सवयीनं गेलं, "डोळे मिटा, काका."

चित्राला म्हणलो मी. रोज पाणी मारायच्या आधी म्हणतो तसं. चित्र काय डोळे मिटणार! पण बाजूला बघितलं तर काकांनी मिटलेले. घट्ट. मान जरा मागं टाकून, जसे खुर्चीत बसतात तसे, तोंडावर पाणी येणार म्हणून थांबलेले.

मग मी लांबून मारलं. वरनं, हळू, एक हात फिरवत. दूध हवेतच पसरलं आन कागदावर कधी बसलं कळलं नाय. एक थेंब झाला नाय. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते, आन ते दुसऱ्याच्या चित्रावर केलं.

चित्र गेलं, कुठं मोठ्या गावाला लागलंय. दुसऱ्या दिवशी दूधवाला गेला आन काका आले. माझ्या शटरात. खुर्चीत बसले, मान मागं टाकली, "हाण." मी एवढा फेस केला की तीन माणसांना पुरला असता. ब्रश गालाला लावणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"काढायची न्हाय. तशी ठेव."

"कशी?"

त्यांनी खिशातनं चित्राचा फोटो काढला. जालना रोडला जाऊन मोठा करून आणला होता. माझ्या आरशाच्या कोपऱ्यात खोचला. "अशी."

आता माझा धंदा काय, तर तिच्या चित्राबरहुकूम काकांची दाढी राखायची. दाढी वाढती, चित्र वाढत नाय. एक केस जास्त झाला की काका वर बोट दाखवतात, "तिथं बघ." खाच दाढीखाली गेलीय, मला दिसत नाय, फोटोत दिसती. माझ्याच गिऱ्हाइकाची खाच बघायला मला तिच्या फोटोकडं बघावं लागतं! गिऱ्हाइकं पण आरशात स्वतःचं तोंड बघायचं सोडून काकांचं बघत बसतात. जोकवर काका हसतात, तसेच, पोट हलवून. पण हसून झाल्यावर फोटोकडं एक नजर टाकतात, नीट हाय का म्हणून.

फक्त मी बाटली उचलली, की ते कुठंच बघत नाय. मला सांगावं पण लागत नाय. डोळे मिटतात, मान टाकतात, थांबतात. त्या तेवढ्या वेळात त्यांचं तोंड असं होतं की, काय सांगू, लहान लेकरू.

हे बाईनं अजून बघितलेलं नाय. दूध मारलं त्यावेळी ती चित्राकडं बघत होती. मी पण सांगितलं नाय, आन पाणी मारायच्या आधी मी आजकाल दुकानाचा पडदा ओढून घेतो. सांगितलं तर येईल, स्टूल घेऊन बसंल, आन ते पण काढंल.